पोलोच्या दिवशी काढलेली वायर

तो बोर्ड म्हणजे अख्खा संगणक, पण माझ्या तळहातावर मावायचा. हिरवी पाटी, तिच्यावर काळे चौकोन, कडेला चार-पाच खाचा आणि कोपऱ्यात मुगाएवढा एक हिरवा दिवा. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडच्या एका माडिया गावात, गोटुलात, म्हणजे गाव बैठकीला बसतं त्या कौलारू घरात, मी तो स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवला होता. हवा खेळावी म्हणून डब्याला खिळ्याने भोकं पाडली होती. छपरावर सोलरची प्लेट, खाली अहेरीच्या बाजारातून आणलेली बॅटरी, समोर कुठल्याशा शाळेने मोडीत काढलेला स्क्रीन. एवढा आमचा सगळा कारभार.

मी तिथे ग्रामसभेचं दप्तर नीट लावायला गेले होते. गावाने आपल्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा केला होता आणि त्याचे कागद फाटत, भिजत, एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फिरत होते. हे सगळं गावातच, गावाच्या ताब्यात राहिलं पाहिजे असा माझा हट्ट होता. नागपुरात किंवा पुण्यात कुणाच्या तरी कपाटात नाही, आणि परदेशातल्या कुणाच्या यंत्रावर तर नाहीच. मोबाइलचं नेटवर्क पकडायला जिथे टेकडी चढावी लागते तिथल्या माणसाला 'तुझी कागदपत्रं इंटरनेटवर सुरक्षित आहेत' असं सांगणं मला सरळसरळ थट्टा वाटायची. अजूनही वाटते.

हा हट्ट मला घरातून मिळाला. माझं लहानपण माजरीच्या कोळसा वसाहतीत गेलं. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील ड्युटीवरून येताना कामगारांच्या सभेची पत्रकं आणत, गुलाबी, पिवळी, इतक्या पातळ कागदावरची की मागची अक्षरं पुढे दिसावीत. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. कमळ आणि बदक शिकायच्या आधी मी 'काळा कायदा' वाचायला शिकले. पुढे वडील स्वतःच पत्रकं लिहू लागले आणि मी त्यांची पहिली वाचक झाले. पत्रक एका पानात मावलंच पाहिजे. मावत नसेल तर वडील पुन्हा वाचत आणि पेनने शब्द उडवत. 'याच्याशिवाय अर्थ लागतो का?' एवढाच त्यांचा प्रश्न असे.

गावात गेल्यावर पहिले दोन महिने त्या बोर्डावर मी नेहमीची, भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम चालवत होते. रंगीत चित्रं, खिडक्या, शंभर सोयी. ती चालू व्हायला एवढा वेळ घ्यायची की तोवर चहा होई. आणि ती सतत मेमरी कार्डावर काहीतरी लिहीत बसायची. मी काही न करताही लिहायची. ढग आले, बॅटरी बसली, बोर्ड अचानक बंद पडला की कार्डावर अर्धवट लिहिलेलं तसंच राहायचं आणि पुढच्या वेळी सगळं ठप्प. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ग्रामसभेचे अध्यक्ष, पन्नाशीच्या आतले, शांत, खोचक बोलणारे, मला म्हणाले की ताई, आमच्या पेटीले वाळवी लागाले चार वर्सं लागतात, तुह्या पेटीले चार दिवसबी नाई लागत.

मग मी सगळ्यात लहान ऑपरेटिंग सिस्टिम शोधली. ती सगळीच्या सगळी एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा लहान होती. कार्डावर टाकली, वायर जोडली. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सर्रकन वर सरकल्या आणि एका ठिकाणी थांबून टिंब लुकलुकायला लागलं. चहाचं पातेलं अजून चुलीवर चढलंही नव्हतं. मला वाटलं बिघडलं. अध्यक्षांनी विचारलं, एवढंच? मीही मनात तेच विचारत होते.

यंत्रात या क्षणी काय काय चालू आहे त्याची यादी मागवणारी एक आज्ञा असते. आधीच्या सिस्टिममध्ये ती दिली की पानामागून पान पळायचं आणि त्यातल्या बहुतेक ओळी कशाच्या हे मलाही ठाऊक नसायचं. इथे ती यादी एका स्क्रीनमध्ये संपली. मी ती वरून खाली वाचली. प्रत्येक ओळ काय करते ते मला माहीत होतं किंवा अर्ध्या तासात माहीत करून घेता येत होतं. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. इतकी वर्षं मी यंत्रं वापरत होते आणि एकाही यंत्राच्या पोटात काय चाललंय ते मला पूर्ण कळलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कुणीतरी, जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, माझ्या वडिलांसारखंच पेन घेऊन बसलं होतं आणि एकेका ओळीला विचारत होतं की तुझ्याशिवाय चालतं का.

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच होती. ही सिस्टिम चालू होताना कार्डावरून सगळी उचलून यंत्राच्या चालत्या आठवणीत चढते आणि मग कार्डाला हात लावत नाही. मी गावकऱ्यांसमोर चालू यंत्रातून कार्ड काढून दाखवलं. दिवा हलला नाही, टिंब लुकलुकत राहिलं.

"हे त जेवून घेते अन् ताट परत देते," अध्यक्ष म्हणाले.

यामुळे बॅटरी कधीही बसली तरी कार्डाला इजा होत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. चालू असताना जे काही नवं लिहाल ते फक्त त्या चालत्या आठवणीत राहतं. ते कार्डावर जावं असं वाटत असेल तर तशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. न देता वीज गेली तर यंत्र पुन्हा जागं होतं ते शेवटच्या आज्ञेपर्यंतच. मधलं काही झालंच नव्हतं, अशा चेहऱ्याने.

ही आज्ञा आपोआप दर तासाला द्यायची सोय होती. मी ती लावली नाही, आणि का लावली नाही ते सांगायलाच हवं. या गावात ठराव बहुमताने होत नाही. सगळे बोलतात, एकाचाही नकार असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि सगळ्यांचं जुळलं की तो मोठ्याने वाचला जातो. वाचून झाल्यावरच तो गावाचा. मला यंत्राची ही रीत अगदी तशीच वाटली. मी सभेत नियम मांडला: सभेने ऐकून मान्य केल्याशिवाय कार्डावर एक अक्षर जाणार नाही. लोकांनी मान डोलावली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आज वाटतं, पत्रकं वाचून मोठं झालेल्या माणसाला नियमाचं सौंदर्य जरा जास्तच दिसतं.

आता दाव्याचं. गावाचं जंगल नाल्याच्या दोन्ही अंगांना आहे. अलीकडच्या बाजूचं जमलं होतं. पलीकडच्या बाजूसाठी आम्ही पहिल्या वेळी नुसते आकडे जोडले होते, मोबाइलवर घेतलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश. ती चूक आमचीच. दावे तपासणाऱ्या सरकारी समितीने रीतसर कळवलं की प्रत्येक जागेचं नाव, गाव तिथे काय करतं आणि ते कोण सांगतं हे लिहून शुक्रवारच्या सुनावणीला आणा, नाहीतर हद्द नाल्यावर धरावी लागेल.

ही सगळी नावं येणारी म्हणून गावाने एका म्हातारीकडे बोट दाखवलं. सगळे तिला बाई म्हणत, मीही म्हणायचे. नाल्यापलीकडे तिच्या सासरच्या माणसांचे दगड आहेत. इकडे माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. तिच्या नवऱ्याचा दगड तिथे होता, सासूचा होता, एका लेकीचा होता. हद्द नाल्यावर थांबली तर ते दगड दुसऱ्याच्या कागदावर जाणार होते. आणि तिचा स्वतःचा दगड कुठे उभा करायचा हे तिला कुणाला तरी विचारावं लागलं असतं. ही गोष्ट ती रडून सांगत नसे. मला एकदाच म्हणाली की माह्या जागेवर मी सावली पाहून ठेवली हाय, दुपारी चांगली येते.

मोहफुलं वेचून झाली होती, तेंदूपानांचा हंगाम यायचा होता. आम्ही पंधरा-वीस जण बाईच्या मागून ते जंगल फिरलो. ती थांबली की मी मोबाइलवर जागा घ्यायचे. अशा त्रेसष्ट जागा झाल्या, मोबाइलमध्ये एक ते त्रेसष्ट नुसते आकडे. मग तीन आठवडे रोज सकाळी बाई गोटुलात येऊन बसायची आणि एकेका आकड्याचं नाव सांगायची. कुठली जागा कुठल्या झाडावरून, कुठली कुणाला अस्वलाने धरलं त्यावरून, कुठली पाणी कधी आटत नाही म्हणून. मी थेट टाइप करायचे. ऊन भरपूर होतं, बॅटरी बसत नव्हती, यंत्र रात्रंदिवस चालूच असे. सुरुवातीला वहीत लिहीत होते, मग वही सोडली. दोनदा कशाला लिहायचं?

बाईला त्या डब्याची माया लागली होती. हे काय खाते, तिने विचारलं. मी सांगितलं, ऊन. तिला ते पटलं. पण एक दिवस दिव्याकडे बघत ती म्हणाली, "रातदिस काम करून राह्यला. याले पोलो नाई का?"

पोलो म्हणजे गावाचा विसाव्याचा दिवस. भूमिया, म्हणजे गावाची देवाधर्माची कामं बघणारा जाणता, तो ठरवतो. त्या दिवशी नांगर, कुऱ्हाड, कुदळ उचलायची नाही, जंगलात जायचं नाही. मी हसून म्हटलं, बाई, यंत्राला कसला पोलो.

"बैलाले हाय, नांगराले हाय. याले काऊन नाई?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि पुढचं नाव विचारलं. ते उत्तर काय दिलं ते आता आठवत नाही. काही धड नव्हतं हे नक्की.

त्रेसष्टावं नाव सोमवारी झालं. गुरुवारी सकाळी सभेत वाचायचं, मान्य झालं की कार्डावर घ्यायचं, दुपारच्या बसने अहेरीला जाऊन छापायचं आणि शुक्रवारी सुनावणी. मी मंगळवारी सुनावणीचे कागद आणायला अहेरीला गेले. बुधवारी दुपारी परतले. गावात पोलो होता. अंगणात बैल बसले होते, माणसंही बसली होती, कुणाला कसली घाई नव्हती. गोटुलात शिरले तर डब्याच्या भोकांतून दिवा दिसेना.

वायर काढून नीट गुंडाळून डब्यावर ठेवली होती. डब्यावर धुतलेलं फडकं घातलं होतं. एखाद्याला दुपारी झोप लागावी म्हणून घालतात तसं.

मी डब्यापुढे मातीवर बसले. तीन आठवड्यांतलं एक अक्षरही कार्डावर नव्हतं. मला यंत्राचा राग आला नाही. ते सांगितल्याप्रमाणेच वागलं होतं. ज्याने वायर काढली त्याचाही येईना, ते फडकं बघून राग कसा येणार. राहिले मी आणि माझा सुंदर नियम.

अध्यक्ष आले. त्यांना झालेलं सांगितलं. त्यांनी फडक्याची कड उचलून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले की वायर बाईनेच काढली असणार, सकाळी तीच आली होती. तिला कळलं तर ती मनाला लावून घेईल. बॅटरी गेली असं सांगू. सत्यावर मी तोवर किती पत्रकं वाचली आणि लिहिली असतील, पण त्या क्षणी मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली.

"बॅटरीले काही नाई झालं," दारातून आवाज आला. बाई उभी होती. "वायर मी काढली. आज पोलो हाय. त्यालेबी बसू दे म्हटलं. काय झालं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं: बाई, हे बंद केलं की सभेने मान्य न केलेलं सगळं विसरतं. तुम्ही सांगितलेली सगळी नावं गेली.

ती आत आली, फडकं बाजूला करून डब्याकडे वाकून बघितलं. मला वाटलं आता ती खाली बसेल.

"एवढा शिकलेला," ती म्हणाली, "अन् एक झोप घेतली त सारं विसरला? मी इतकी वर्सं रोज झोपून उठून राह्यले. मले एक नाव नाई विसरलं."

अध्यक्षांना हसू आवरेना. मलाही आलं, रडण्याच्या अगदी कडेने.

मी लगेच वायर जोडायला घेतली. बाईने हात धरला. पोलो आहे. मी म्हटलं, परवा सुनावणी आहे. तिने हात सोडला नाही. अध्यक्ष म्हणाले, भूमियाला विचारू. भूमिया लिंबाखाली बाजेवर पडला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि उठून बसला. आज लोखंड उचलायचं नाही, जंगलात पाय टाकायचा नाही, डब्याला एकदा निजवलंय तर आज उठवायचं नाही. पण तोंडाले पोलो नाई, तो म्हणाला, आज बोला, उद्या सकाळी टाका.

मी विचारलं, वहीत लिहून घेऊ?

"तू काम कायचं करतं?"

"लिहायचं."

"मंग तुहा नांगर तोच."

आसपासच्या बाया हसल्या. मी खिशातला पेन अध्यक्षांकडे दिला. मोबाइलने फोटो काढू का, हे विचारायची हिंमतच झाली नाही.

मनात मी भांडत होते. ही अडाणी रीत आहे, हिच्यापायी जंगल जाईल, असं काहीतरी आत उसळत होतं. ते मी बोलले नाही याचं श्रेय माझ्या समजूतदारपणाला नको. मला इतकी लाज वाटत होती की तोंडच उघडेना.

ऊन उतरल्यावर गोटुलासमोरच्या अंगणात बाईने चुलीतली राख आणून नाल्याची रेघ ओढली. वाकडीतिकडी, पण जिथे नाला वळतो तिथेच वळणारी. मग तिने पहिली जागा सांगितली आणि तिथे मोहाची एक बी ठेवली. कुणीतरी घरून बियांची टोपली आणली. बघता बघता घरोघरची माणसं आली. आणि मी तीन आठवड्यांत जे एकदाही पाहिलं नव्हतं ते पाहिलं.

बाईला सगळी नावं येत होती, पण जंगल एकट्या बाईचं नव्हतं. प्रत्येक घराचा मोहाचा भाग ठरलेला. त्या भागातली नावं त्या घराला बाईपेक्षाही बारीक ठाऊक. एकाने सांगितलं की बाई म्हणते त्या ऐनाच्या दोन झाडांपैकी एक मागच्या वादळात पडलं, आता ती जागा एकाच ऐनाची आहे. एका डोहावरून दोन घरांची जुंपली, मासे आधी कुणाच्या आज्याने धरले यावरून. भूमियाने दोन्ही आज्यांची नावं लावून वाद मिटवला आणि दोन्ही आजे चोर होते असंही सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातून लग्न होऊन आलेली एक सून मागे उभी होती. ती पुढे आली आणि खायचे रानकांदे निघतात अशा तीन जागा दाखवल्या. त्या जागा बाईलाही ठाऊक नव्हत्या. बाईने तिच्याकडे वर-खाली बघितलं. "तीन वर्सं एकटीच खाऊन राह्यली होती का?"

एक प्रश्न उरत होता. नावं खूप, पण माझ्या मोबाइलमधला कुठला आकडा कुठल्या नावाचा? फिरताना क्रम मी मोजला होता, त्यांनी नव्हता. हा प्रश्न मी विचारला तर बाई राखेच्या रेघेवरून चालायलाच लागली, ज्या वाटेने आम्ही त्या दिवशी फिरलो होतो त्या वाटेने. मागून बाकीचे. एका बीपाशी थांबून एकजण म्हणाला की इथी ताईची चप्पल तुटली. चप्पल तुटली ती सतराव्या जागेवर हे मला पक्कं आठवत होतं. पुढे, इथी ताईने सगळ्यांचं पाणी पिऊन टाकलं. सव्वीस. इथी काटा काढाले बसली अन् लाल मुंग्यांवर बसली. एकतीस. इथी म्हणे मी थकली नाई, अन् झाडाले टेकून झोपली. चाळीस. माझ्या एकेका फजितीला त्यांनी जागेचं नाव बांधून ठेवलं होतं आणि मी आकडा. लोक हसून हसून खाली बसत होते आणि त्रेसष्ट आकडे एकेक करून आपापल्या जागी जात होते.

एक्केचाळीसला कुणी हसलं नाही. तिथे बाईने बी ठेवली नाही. अंगणातलेच लहान खडे वेचून तिने ते उभे रोवले, एक, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी थोडी जागा सोडली आणि उठली.

ऊन जाईपर्यंत अंगणात जंगल पसरलेलं होतं. मी उभी राहून बघत होते. कागद नाही, वायर नाही, काही नाही. त्या लहानशा सिस्टिमची यादी पहिल्यांदा वाचताना मी जशी गप्प झाले होते तशीच आताही झाले. फरक एवढाच की तिथल्या प्रत्येक ओळीचं काम मी समजून घेऊ शकत होते, आणि इथे मला समजत होतं ते फार थोडं.

मी मनात नावं घोकायला लागले. बाकीचे जेवायला गेले, लग्नाच्या गोष्टी काढल्या. सकाळी उठून बघते तर कोंबड्यांनी बिया टिपून, उकरून अर्धं अंगण सारखं केलं होतं. मी धावत अध्यक्षांना सांगायला गेले. ते दात घासत होते. म्हणाले, कोंबड्या सभेले येत नाईत.

गुरुवारी पहाटेच्या उजेडात सभा बसली. मी वायर जोडली, हिरवा दिवा लागला, ओळी सरकल्या, टिंब लुकलुकलं. यादी कोरी. नाव सांगितलं जाई, ज्याचा भाग असेल ते घर दुजोरा देई, मी टाइप करून मोठ्याने वाची, सगळे हो म्हणत, आणि मी त्याच क्षणी कार्डावर लिहायची आज्ञा देई. मग पुढचं. एकदम शेवटी नाही, प्रत्येक नावाला. तसं त्रेसष्ट वेळा. सुनेच्या तीन जागांना मोबाइलवरचा आकडा नव्हता. त्या तशाच, नाव आणि खुणेसकट जोडल्या. शेवटी यादी आधीपेक्षा लांब झाली होती आणि तीन ठिकाणी आधीपेक्षा वेगळी. मला कबूल करावं लागलं की हरवलेली यादी चुकीची होती. ती सभेने ऐकली असती, मान डोलावली असती, आणि एकाच ऐनाचे दोन ऐन कायमचे कागदावर राहिले असते. सभेला विचारायचा माझा नियम होता खरा, पण मी सभेसाठी फक्त ऐकायचं काम ठेवलं होतं.

दुपारच्या बसमध्ये बाई माझ्या शेजारी बसली. तिला बसच्या वासाने मळमळतं, म्हणून ती सारा रस्ता पदर नाकाशी धरून होती. अध्यक्ष आणि भूमिया मागच्या सीटवर. अहेरीला यादी छापून घेतली, एका ओळखीच्या घरी मुक्काम केला.

शुक्रवारी कचेरीत आमची पाळी दुपारी आली. समितीचे साहेब यादी ओळ न् ओळ वाचत गेले. टेबलावर मोठा नकाशा पसरला होता आणि मोजणीवाले, जाड चष्म्याचे एक वयस्क गृहस्थ, प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने ठिपका देत होते. मधूनच साहेब विचारत, हे कोण सांगतं, आणि आमच्यातलं कुणी ना कुणी सांगे. ठिपके नाला ओलांडून पलीकडे जात होते.

एक्केचाळीस आलं. साहेबांनी वाचलं आणि वर बघितलं. बाई उठून टेबलापाशी गेली. तिला वाचता येत नाही. तिने मोजणीवाल्यांना विचारलं की नाला कुठला. त्यांनी निळी रेघ दाखवली. मोठा वळसा कुठी? त्यांनी बोट ठेवलं. तिने ते बोट बघितलं, मग ठिपका बघितला आणि डोकं हलवलं.

"इथी नाई. ताई उभी होती तिथी हा ठिपका हाय. माणसं चार पावलं तिकडं आहेत."

मला आठवलं. त्या दिवशी मी दगडांच्या मध्ये शिरले नव्हते, बाजूला उभी राहूनच जागा घेतली होती.

मोजणीवाले हसले. समजुतीने म्हणाले की बाई, या नकाशावर चार पावलं दिसतही नाहीत. पेन्सिलीचं टोकच त्याच्यापेक्षा जाड आहे.

"मंग टोक बारीक करा," बाई म्हणाली.

मोजणीवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग ड्रॉवर उघडून त्यांनी ब्लेड काढलं आणि टेबलाच्या कडेला वाकून, सावकाश, पेन्सिलीला टोक करायला लागले. बाई त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होती, आणखी थोडं, असं मानेनेच सांगत.